विद्यापरिषदेला खुलं पत्र : विलीनीकरणाच्या ठरावाआधी एका बुधवारी विभागात या

प्रति,
मा. कुलगुरू आणि विद्यापरिषदेचे सर्व सन्माननीय सदस्य

महोदय,

आर्थिक इतिहास विभाग अर्थशास्त्र विभागात विलीन करण्याचा विषय येत्या बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर आहे. आम्हाला ते कळलं परीक्षा विभागात, एका विद्यार्थ्याच्या मार्कशीटमधली चूक दुरुस्त करून घ्यायला गेलो तेव्हा. प्रस्तावासोबतचं टिपण दीड पानाचं आहे. कारणं तीन दिली आहेत : विद्यार्थीसंख्या कमी, विषयांची द्विरुक्ती, आणि मोडी वाचनाची अभ्यासपत्रिका रोजगाराभिमुख नाही. मी या विभागात तासिका तत्त्वावर शिकवते. माझी नोकरी दर एप्रिलमध्ये जातेच, त्यामुळे या पत्राने ती जाईल अशी भीती घालण्यात फारसा अर्थ नाही. कायम सेवेतल्या सहकाऱ्यांनी खाली सही करायची की नाही, ते त्यांचं त्यांनी ठरवावं.

विद्यार्थी कमी आहेत, हे मान्य. एम.ए.च्या वर्गात दोन आकडी संख्या गाठताना आमची दमछाक होते. पण टिपणात क्रम उलटा लागलाय. आधी एक कायम जागा निवृत्तीनंतर रिकामी ठेवली गेली. मार्गदर्शक कमी झाले, म्हणून पीएच.डी.च्या जागा कमी झाल्या. पुढे वाट नाही म्हटल्यावर एम.ए.ला येणारेही कमी झाले. आणि आता 'प्रतिसाद अत्यल्प' असा शेरा आहे.

द्विरुक्तीचा मुद्दा ज्यांनी लिहिला त्यांनी मात्र आमचा बुधवार पाहिलेला नाही.

बुधवारी दुपारी तीनला आम्ही एक कागद पडद्यावर लावतो. एकच. पेशवे दफ्तरातल्या एखाद्या हिशेबाचं किंवा कुणा घराण्याच्या खासगी दप्तरातल्या पत्राचं छायाचित्र. समोर इतिहासाचे तिघेचौघे, अर्थशास्त्राचे तेवढेच, संख्याशास्त्राची एखादी मुलगी, आणि भूमी अभिलेख कार्यालयातून निवृत्त झालेले एक गृहस्थ, ज्यांना सगळे नुसतं काका म्हणतात आणि जे आम्हा सगळ्यांपेक्षा चांगलं मोडी वाचतात. काकांना विद्यापीठ एक रुपयाही देत नाही. ते स्वतःच्या स्कूटरवर येतात आणि चहा झाल्याशिवाय उठत नाहीत.

मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढलेली असते आणि खाली बोरू न उचलता लिहीत गेलेलं. दोन शब्दांत जागा नाही. त्यामुळे पहिला अर्धा तास शब्द कुठे तुटतो यावरच भांडण. मग आकडे. मागच्या वर्षी अर्थशास्त्राच्या एका मुलाने गावच्या वसुलाचा तक्ता एक्सेलमध्ये भरून आणला. आलेख काढला तर एक गाव आभाळाला भिडलेलं. काकांनी मूळ कागद मागवला. तिथे होतं '५॥।', म्हणजे पावणेसहा रुपये. उभ्या तीन दांड्या त्या पोराला इंग्रजी एकाचे तीन आकडे वाटल्या आणि त्याने लिहिले पाच हजार एकशे अकरा. आणखी गंमत म्हणजे याच दोन दांड्या 'मौ॥' अशा अक्षरापुढे आल्या की तो अपूर्णांक नसतो, 'मौजे' या शब्दाचा संक्षेप असतो. हे त्याला कुठल्या सॉफ्टवेअरने सांगितलं असतं? आणि उलट बाजूही सांगायला हवी. तो आलेख काढला नसता तर नकलेतली ती चूक इतिहासाच्या मुलांच्याही नजरेतून सुटली असती. ते पान त्यांनीही वाचलं होतं, आणि कुणालाच काही खटकलं नव्हतं.

आकडा बरोबर वाचला तरी पुढे वर्ष असतं. कागदावर 'इसन्ने सबैन मया व अलफ' लिहिलेलं. अरबीतले दोन, सत्तर, शंभर, हजार : पेशवाईच्या कागदांतला सुहूर सन ११७२, म्हणजे इसवी सन १७७१-७२. हे वर्ष मृग नक्षत्रावर, म्हणजे जूनच्या सुमारास, सुरू होतं. म्हणून १७७२ च्या मे महिन्यातला धान्याचा भाव आधीच्या हंगामाचा धरायचा. जानेवारी ते डिसेंबर असा रकाना केला की पीक एका वर्षात आणि भाव दुसऱ्या वर्षात जाऊन बसतो. पुढे नाणं. रुपया चांदवडी की अंकुशी, आणि एकातून दुसऱ्यात जाताना बट्टा, म्हणजे अदलाबदलीतली घट, किती. त्यापुढे माप. चार शेरांची पायली, बारा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी, हे पाठ करायला सोपं. पण मण काही ठिकाणी सोळा पायल्यांचाही होता आणि शेर तर पेठेपेठेला वेगळा. एवढं सगळं ओलांडल्यावर मग कुठे म्हणता येतं की अमुक साली जोंधळा महाग होता. अर्थशास्त्र विभागात यासाठी वेळ नाही, इतिहास विभागात यानंतर करायच्या गणितासाठी माणूस नाही. दोन्ही विभागांबद्दल माझी तक्रार नाही, त्यांची कामं वेगळी आहेत.

या खटाटोपातून काय निघतं, असं टिपण लिहिणाऱ्यांच्या मनात असेल. पिंपळे सौदागरचं उदाहरण घेते. आज तिथे आयटीतली माणसं राहतात आणि चौरस फुटांचे भाव बोलतात. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी या खेड्याची पाहणी केली आणि १९१७ मध्ये ती छापली. त्यांनी केवळ घरोघर फिरून प्रश्न विचारले नाहीत, गावाचे जुने कागदही काढले. त्यातून दिसलं की १७७१ मध्ये गावात एका खातेदाराची धारणा, म्हणजे ताब्यातली जमीन, सरासरी ४० एकर होती आणि १९१५ पर्यंत ती ७ एकरांवर आली होती. मराठी मुलखातल्या तुकडेबंदीवर पुढे जी चर्चा झाली तिला अशा आकड्यांचा आधार होता. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ मध्ये लहान धारणांवर जो निबंध लिहिला, त्यात मॅन आणि मुंबई इलाख्याचे शेती संचालक कीटिंग या दोघांच्या व्याख्यांचा समाचार घेतला. जमीन लहान की मोठी हे नुसत्या एकरांवरून ठरत नाही, तिच्यासोबत भांडवल किती आणि हात किती यावरून ठरतं. शेतीवरचा जादा माणूस उद्योगात गेल्याशिवाय हा प्रश्न सुटणार नाही, असं त्यांचं म्हणणं. सत्ताविशीतल्या माणसाने लिहिलेलं. आमच्या एम.ए.च्या पहिल्या सत्रात आम्ही हे तीन टप्पे ओळीने शिकवतो : जुना हिशेब, मॅन यांची पाहणी, आंबेडकरांचा निबंध. विलीनीकरणानंतरच्या प्रस्तावित अभ्यासक्रमात तिसरा टप्पा 'भारतीय आर्थिक विचार' या पेपरात गेलाय, दुसरा कुठेच नाही, आणि पहिला बंद.

दर चौदा एप्रिलला आपण विद्यापीठात अर्थतज्ज्ञ आंबेडकरांवर व्याख्यान ठेवता. चांगलंच आहे. त्यांचा १९१५ चा कोलंबियातला एम.ए.चा प्रबंध ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर आणि वित्तव्यवस्थेवर होता. १९२३ चा रुपयाच्या प्रश्नावरचा लंडनचा प्रबंध चलनाच्या इतिहासापासूनच सुरू होतो. एडविन कॅनन यांनी त्याला प्रस्तावना लिहिली आणि तिच्यात आपले मतभेदही नोंदवले. आज या सगळ्याला ज्या विषयाचं नाव देतात तो आपण बंद करायला निघाला आहात.

शनिवारी आमच्याकडे परिसंवाद असतो. परिसंवाद म्हणजे बॅनर, सत्कार आणि शाल-श्रीफळ नव्हे. एकजण लिहिलेलं वाचतो आणि बाकीचे त्यावर तुटून पडतात. या सत्रात बलुतेदारीवरून दोन शनिवार गेले. सुतार-लोहार हे ठरावीक घरांचे बांधलेले की साऱ्या गावाचे? हिरोशी फुकाझावा या जपानी अभ्यासकाने मराठी कागदांच्या आधारे ते गावाचे सेवक होते असं दाखवलं. आमच्या एका विद्यार्थिनीला आपल्या तालुक्यातल्या कागदांत दोन्ही प्रकार दिसतात, आणि ती मागे हटायला तयार नाही. हटू नये.

त्याआधी दख्खनच्या दंग्यांवर वाद झाला. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं हिसकावून जाळली, हे शाळेच्या पुस्तकात एका ओळीत असतं. विभागात या ओळीचे तुकडे करावे लागतात. अमेरिकेतल्या यादवी युद्धात कापसाचा भाव चढला आणि नंतर कोसळला, हे बाजाराच्या आकड्यांवरून. इंदापूर तालुक्यात १८६७ पासून साऱ्याची फेरआकारणी झाली, हे महसुलाच्या कागदांवरून. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जखताला तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतू कर्जदार शेतकऱ्याच्या संरक्षणाचा, आणि झालं असं की सावकार दर तीन वर्षांनी व्याज मुदलात घालून नवं खत लिहून घेऊ लागला; हे कोर्टाच्या निकालांवरून. शिवाय नील चार्ल्सवर्थ यांनी १९७२ मध्ये मांडलं की या दंग्यांचं महत्त्वच फुगवलं गेलंय. त्यांचं खंडन करायचं तर भावना कामाला येत नाहीत, किती गावं आणि किती खतं हे मोजावं लागतं. सुप्याकडून आलेला एक मुलगा त्या शनिवारी फार चिडला होता. पुढच्या आठवड्यात तो या दंग्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाच्या अहवालाची परिशिष्टं उतरवून घेऊन आला. चिडण्याचा इतका चांगला उपयोग मी विद्यापीठात क्वचितच पाहिलाय.

एक काम असं आहे की ज्याची विद्यापीठाच्या कुठल्याच रजिस्टरला नोंद नाही. एका बाजारपेठेतल्या आडत्यांच्या घरी माळ्यावर लाल कापडी बांधणीच्या चोपड्या होत्या. घर पाडून इमारत व्हायची होती, आणि रद्दीवाला वजनाचा काटा घेऊन आलेला. आमच्या मुलांनी वर्गणी काढून टेम्पो केला. दर पाडव्याला पुजलेली नवी वही, पहिल्या पानावर कुंकवाचं बोट, आणि आत रोजकीर्द आणि खतावणी. शेतकऱ्याच्या पट्टीतून काय काय कापलं जायचं ते यात ओळीने दिसतं : आडत, तोलाई, हमाली, धर्मादाय, आणि मालात कचरा-ओल धरून वजनातच केलेला कडता. वऱ्हाडातल्या कारंज्याला १८८६ मध्ये कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला, पुढे मुंबई इलाख्यात १९३९ चा बाजार कायदा आला. हे सगळं या कापाकापीला आळा घालायला. कायदा ग्रंथालयात मिळतो. त्याआधी आणि त्यानंतर कडता किती होता, हे फक्त चोपडीत मिळतं. बाजार समित्यांवर आज जे तावातावाने बोललं जातं, त्यातल्या किती जणांनी अशी चोपडी उघडून पाहिलीय? या वह्यांची छायाचित्रं काढायला मुलांनी स्वतःचे मोबाइल वापरले. त्या विभागाच्या दोन कपाटांत आहेत. वाळवीचं औषध आम्ही घरून आणतो.

आता बाहेरचं थोडं, कारण प्रस्तावात 'जागतिक प्रवाहाशी सुसंगत' असे शब्द आहेत. आर्थिक इतिहासाचं इंग्रजीभाषक जगातलं पहिलं अध्यासन १८९२ मध्ये हार्वर्डला विल्यम ॲशली यांच्यासाठी झालं. ब्रिटनमध्ये विसाव्या शतकात अनेक विद्यापीठांत या विषयाचे स्वतंत्र विभाग होते, आणि शतक संपता संपता त्यातले बहुतेक कुठे अर्थशास्त्रात, कुठे इतिहासात मिसळले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचा विभाग स्वतंत्र राहिला आणि आज दक्षिण आशियाच्या आर्थिक इतिहासावर काम करू पाहणारी आपल्याकडची मुलं तिथला अर्ज भरतात. म्हणजे प्रवाह आहे खरा. तो कोणत्या बाजूला वाहतोय ते टिपणात सांगितलेलं नाही. २०२३ ला क्लॉडिया गोल्डिन आणि २०२५ ला जोएल मोकिर या आर्थिक इतिहासकारांना नोबेल मिळालं, तेव्हा आपल्याच विद्यापीठाच्या समाजमाध्यमांवर अभिनंदनाची चित्रं झळकली होती. चित्रासाठीचा मजकूर आमच्याकडूनच मागवला होता, रात्री साडेनऊला.

रोजगाराचं म्हणाल, तर २०२३ ची आठवण करून द्यावी लागेल. कुणबी नोंदी शोधायला न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा तहसील कार्यालयांपुढे पहिली अडचण ही आली की जुनी रजिस्टरं मोडीत आहेत आणि वाचणारी माणसं मिळत नाहीत. त्या काळात विभागाचा फोन दिवसभर वाजत होता. आरक्षणाच्या प्रश्नावर कुणाचं मत काहीही असो, कागद वाचता आला नाही तर मत कशाच्या जोरावर मांडणार? जमिनीचे दावे, देवस्थानांच्या इनामांचे वाद, जुन्या वाटण्या, यांत वकील आजही मोडीचा जाणकार शोधत फिरतात. काकांकडे येणारी कामं त्यांच्या पेन्शनला चांगला हातभार लावतात, हे त्यांनीच सांगितलंय आणि लिहायची परवानगीही दिलीय.

दुसरं, नव्या शैक्षणिक धोरणाच्या राज्यातल्या आराखड्याप्रमाणे पदवी अभ्यासक्रमाला भारतीय ज्ञानप्रणालीचे दोन क्रेडिट सक्तीचे आहेत. ते भरायला काय शिकवावं या विवंचनेत कॉलेजं आहेत, आणि जे शिकवलं जातंय ते काही ठिकाणी ऐकवत नाही. आपल्याच मुलखात दोन-तीनशे वर्षं चाललेली हिशेबाची पद्धत, जिच्यात आधी एकूण रक्कम मांडून मग 'पैकी' करत तिचे पोटभाग उलगडत जातात, तेरीज आणि झडती ही हिशेबपत्रकं, व्याजाची आकारणी, हुंडीचा व्यवहार, हे ज्ञान नव्हे काय? याची साधनं आहेत, शिकवणारी माणसं आहेत. नेमकी तीच पत्रिका आपण बंद करताय.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल की विभाग अर्थशास्त्रात गेला तरी हे चालू ठेवता येईल की. कागदावर येईल. पण वेळापत्रक ज्याच्या हातात, त्याच्या गरजेप्रमाणे ते लागतं. बुधवारी तीनची खोली अर्थमितीच्या प्रात्यक्षिकाला लागेल, आणि ते चूकही नसेल. पुढची नेमणूक सूक्ष्म अर्थशास्त्राला होईल, कारण तिथे विद्यार्थी जास्त. काकांना कुणी हाकलणार नाही, फक्त एके दिवशी खोलीला कुलूप दिसेल आणि ते स्कूटर वळवून घरी जातील. इतिहास विभागात विलीन केलं असतं तरी वेगळं काही झालं नसतं; तिथे आकडेमोडीचा पेपर आधी ऐच्छिक झाला असता आणि मग बंद.

आम्ही स्वतंत्र इमारत मागत नाही. विलीनीकरणाचा विषय या बैठकीत मंजूर न करता एका समितीकडे द्या, आणि त्या समितीत अर्थशास्त्र आणि इतिहास या दोन्ही विभागांतला किमान एकजण असू द्या ज्याने दफ्तरातला रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, स्वतः सोडलेला आहे. रिकामी असलेली कायम जागा भरा; तिच्या जाहिरातीत मोडी वाचता येणं आणि आकडेशास्त्राची जाण, दोन्ही अटी घाला, मग उमेदवार थोडे आले तरी चालतील. मोडी हिशेबवाचनाची पत्रिका ज्ञानप्रणालीच्या क्रेडिटांत घ्या आणि ती संलग्न कॉलेजांना खुली करा. विद्यार्थीसंख्येची काळजी त्याने बरीच मिटेल. एम.ए.च्या मुलांना ओजेटीचे, म्हणजे एखाद्या आस्थापनेत प्रत्यक्ष काम शिकण्याचे, चार क्रेडिट असतात. बँकेत बसून पासबुकं छापली की ते मिळतात, दफ्तरात बसून सूची केली तर 'ही आस्थापना नाही' म्हणून फाइल परत येते. ही अडचण एका परिपत्रकाने सुटेल. काकांना अतिथी व्याख्याता म्हणून मानधन द्या. ते नको म्हणतील, तरी द्या.

एक गोष्ट मात्र बैठकीपर्यंत थांबू शकत नाही. चोपड्यांची आणि बुधवारच्या कागदांची सगळी छायाचित्रं विद्यापीठाच्या सर्व्हरवर विभागाच्या नावाच्या खात्यात आहेत. संगणक केंद्राने कळवलंय की विलीनीकरण प्रस्तावित असल्याने या खात्याचं नूतनीकरण महिनाअखेरीनंतर होणार नाही. विषय मंजूर होण्याआधीच अंमलबजावणी सुरू झालीय की काय, ते आम्हाला माहीत नाही. मुलांनी आपापल्या पेनड्राइव्हवर प्रती घ्यायला सुरुवात केली आहे, पण माहिती मोठी आहे आणि विभागातल्या चार संगणकांपैकी दोनच चालू आहेत. खातं किमान या शैक्षणिक वर्षाअखेरपर्यंत सुरू ठेवण्याचं लेखी पत्र संगणक केंद्राला या आठवड्यात जावं, ही विनंती. मसुदा सोबत जोडला आहे, आपल्या कार्यालयाने फक्त जावक क्रमांक टाकायचा आहे.

आपली,
आर्थिक इतिहास विभागातील तासिका तत्त्वावरील एक शिक्षिका